जुन्या चिरेबंदी घरात हीट पंप बसवण्याआधी वायरिंगचे काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या डिचोली तालुक्यातले चिरेबंदी, मंगळुरी कौलांचे घर. वायरिंग साधारण पस्तीस वर्षांपूर्वीचे. सिंगल फेज मीटर, मंजूर लोड ४ किलोवॅट. तीन न्हाणीघरांत २५ लिटरचे तीन गिझर, प्रत्येकी २ किलोवॅटचे. ते काढून मागच्या पडवीत ३०० लिटरचा हीट पंप वॉटर हीटर बसवायचा आहे, आणि दोन खोल्यांत दीड टनाचा एकेक इन्व्हर्टर एसी. दुकानदार म्हणतो, १६ अँपिअरचा सॉकेट असला की झाले. वायरमन म्हणतो, थ्री फेज घेतल्याशिवाय हात लावू नका. खरे कोणाचे?

दोघांचेही अर्धेच. हीट पंपामुळे घराचा लोड वाढत नाही, उलट उतरतो. तेव्हा नुसत्या त्याच्यासाठी थ्री फेज घ्यायचे कारण नाही. पण गिझर अर्ध्या तासात आपोआप बंद होतो, हीट पंप तीन-तीन तास अखंड चालतो. त्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक कार्ड असते आणि तो उघड्या पडवीत, पाण्याच्या नळ्यांना टेकून उभा असतो. जुन्या घरातला सैल सांधा, अशक्त न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि कोरडा पडलेला अर्थ (जमिनीत पुरलेले अर्थिंग) गिझरच्या जमान्यात वर्षानुवर्षे खपून गेला, तो इथे खपत नाही. म्हणून किलोवॅट वाढवण्याच्या आधी न्यूट्रल, अर्थ आणि स्वतंत्र लाईन या तीन गोष्टींवर पैसा घाला.

आधी हिशेब करून बघू. ३०० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ९.८ युनिट उष्णता लागते. गिझरमध्ये तेवढीच वीज जाते. हीट पंप ती उष्णता बाहेरच्या हवेतून ओढतो, वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला. गोव्याच्या उबदार, दमट हवेत एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता मिळते असे धरले तर काम २.८ युनिटमध्ये होते. कॉम्प्रेसर १ किलोवॅटच्या आसपासचा असेल तर रिकामी टाकी तापायला पावणेतीन-तीन तास लागतात. करंट साडेचार-पाच अँपिअर, म्हणजे इस्त्रीएवढाच.

गोंधळ होतो तो आतल्या बॅकअप हीटिंग एलिमेंटमुळे. बहुतेक मॉडेलांत दीड ते दोन किलोवॅटचे एलिमेंट असते आणि दोन्ही एकत्र चालू शकतात. अशा वेळी यंत्र १३ अँपिअरपर्यंत जाते. नेमप्लेटवर 'रेटेड इनपुट' आणि 'मॅक्झिमम इनपुट' असे दोन आकडे असतात. दुकानदार पहिला सांगतो, वायर दुसऱ्याप्रमाणे ओढायची असते. आपल्याकडे गारठ्यातल्या पहाटेलाही हीट पंपाला हवेतून भरपूर उष्णता मिळते, त्यामुळे रोजच्या वापरात एलिमेंटची गरज नाही. कंट्रोलरमध्ये ते बंद करून ठेवा. पण सेटिंग एखाद्या दिवशी पाहुणा किंवा सर्व्हिसवाला बदलणारच, हे धरून वायर आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मात्र पूर्ण लोडचेच घाला.

आता घराचा एकूण लोड. हीट पंप एलिमेंटशिवाय १ किलोवॅट, दोन एसी मिळून ३.२, विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप १.१, स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी १.८, फ्रिज ०.२, दिवे-पंखे-टीव्ही ०.७. सगळे एकाच वेळी लागले तर ८ किलोवॅट, म्हणजे जवळपास ३५ अँपिअर. हीट पंपाऐवजी तेच तीन गिझर राहिले असते तर १३ किलोवॅट आणि ५६ अँपिअर. हीट पंप टायमरवर सकाळी अकरा ते दुपारी तीन असा बांधून टाकला, की एसी आणि तो समोरासमोर येतच नाहीत. दिवसाचा लोड पाच किलोवॅटच्या आत राहतो, रात्रीचा सहाच्या आत. दुपारी हवा गरम असते म्हणून यंत्रही कमी विजेत काम करते, आणि पुढेमागे छपरावर सौर पॅनेल बसवलेत तर त्याच वेळची वीज त्याला लागू पडेल.

पण वायरिंग ठरवताना वर्षातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर धरा. आपल्याकडे तो गणेश चवथीचा. मुंबई-पुण्याची माणसे घरी आलेली, पंधरा-वीस जणांच्या आंघोळी पहाटेच उरकायच्या, स्वयंपाकघरात मिक्सर थांबत नाही, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीभोवती आणि दारात रोषणाई. त्या दिवशी टायमर कोणी पाळणार नाही, एलिमेंटही चालू होईल. १० किलोवॅट, ४३ अँपिअर. मेन ४० अँपिअरचा असेल तर एवढ्याने तो लगेच पडणार नाही, तास-दोन तास रेटले तर कदाचित पडेल, आणि पडला तर ते योग्यच आहे. मात्र तेवढ्या वेळात कुठलीही वायर किंवा सांधा तापता कामा नये. हा दंडक.

मंजूर लोडचे काम वीज खात्याच्या उपविभाग कार्यालयात होते. अर्जासोबत जोडलेल्या उपकरणांची यादी आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. यादी करताना काढून टाकलेले गिझर तिच्यातून वगळा. जुनी यादी तशीच पुढे रेटल्यामुळे अनेक घरांवर कागदोपत्री भलताच लोड चढतो आणि मग उगाच थ्री फेजचा रस्ता धरावा लागतो. सिंगल फेजवर किती किलोवॅटपर्यंत जोडणी मिळते ते कार्यालयात आधी विचारून घ्या, नंतरच पुढचे साहित्य ठरवा. ४ किलोवॅटच्या मंजुरीवर ८ किलोवॅट ओढत राहू नका. तुमच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर मंजूर लोडच्या बेरजेवर बसवलेला असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वाड्यावरचे व्होल्टेज पडते त्यामागे बहुधा हेच असते.

पहिली तपासणी खर्चाची नाही. साधा मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) पुरतो, मात्र उघड्या डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या लाईनी जिथून फुटतात त्या पेटीत, हात घालायचा तो वायरमननेच. घरातले सगळे बंद करून डीबीच्या मेनवर व्होल्टेज वाचा. समजा २३२ आले. मग दोन गिझर आणि इंडक्शन शेगडी लावा, क्लॅम्पवर २५ अँपिअर दिसू द्या आणि पुन्हा वाचा. समजा २१४ आले. अठरा व्होल्ट गेले कुठे? १८ भागिले २५, म्हणजे वाटेत ०.७२ ओहमचा अडथळा आहे. त्याच लोडवर मीटरच्या बाहेर पडणाऱ्या टर्मिनलवर वाचन घ्या. तिथे २२६ असेल तर सहा व्होल्ट खांबाकडून येताना गेले आणि बारा व्होल्ट मीटर ते डीबी या तुमच्या स्वतःच्या वायरमध्ये. उलटे असेल तर दुखणे सर्व्हिस वायरमध्ये आहे आणि ते खात्याचे काम. मीटरचे सील आणि मीटरच्या खांबाकडच्या बाजूचे काहीही स्वतः उघडू नका, तक्रार नोंदवा आणि आपले वाचन लाईनमनला दाखवा. आकडे समोर ठेवले की काम लवकर पुढे सरकते.

सैल सांधा काय करतो ते आकड्यात बघा. ०.१ ओहमचा सांधा, त्यातून २५ अँपिअर. वर्ग करून गुणले तर ६२ वॅट. म्हणजे मीटरच्या लाकडी फळीवर, पोर्सेलीनच्या किटकॅट फ्यूजच्या मागे, एक मोठे सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखे. गिझर अर्ध्या तासात बंद व्हायचा म्हणून ते निवायचे. एसी आणि हीट पंप रात्रंदिवस चालू लागले की ते निवत नाही. आधी इन्सुलेशन कडक होऊन तडकते, मग तांब्यावर हिरवा-काळा थर येतो, अडथळा आणखी वाढतो. तो जुना लोखंडी पेटीतला आयसीडीपी मेन स्विच, त्यातला किटकॅट आणि मीटर ते डीबीची वायर हे तिन्ही बदला. डीबीपर्यंत १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही सारख्याच जाडीच्या. न्यूट्रल बारीक घालून बचत करायची खोड अजून जात नाही. सिंगल फेजमध्ये जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो.

पस्तीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगमध्ये तुम्हाला 'तीन बावीस' आणि 'सात बावीस' या मापांच्या वायरी सापडतील. तीन बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सव्वा स्क्वेअरसुद्धा भरत नाही. सात बावीस पावणेतीन स्क्वेअरच्या आसपास. काही घरांत त्या ॲल्युमिनियमच्या आहेत. ॲल्युमिनियमच्या टोकाला तांब्याची वायर पिळून टेप गुंडाळलेली दिसली तर तो सांधा काढूनच टाका, आपल्या दमट हवेत तिथे दोन धातूंमध्ये गंज चढतोच. दिव्या-पंख्यांच्या जुन्या तांब्याच्या लाईनी मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) चांगल्या निघाल्या तर राहू द्या. ५०० व्होल्टचा मेगर लावून, फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी, निदान १ मेगाओहम आला पाहिजे. मेगर लावण्याआधी एसी, टीव्ही, एलईडी दिवे, सगळी कार्डे सोडवून ठेवा. चाचणी शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, कारण भिंत ओली असतानाच वायर खरी किती टिकते ते कळते. मेमध्ये शंभर मेगाओहम दाखवणारी लाईन पावसात अर्ध्या मेगाओहमवरही येऊ शकते. गिझरच्या जुन्या लाईनीवर हीट पंप लावायचा मोह मात्र अजिबात नको.

हीट पंपासाठी डीबीपासून थेट, वाटेत एकही सांधा नसलेली लाईन ओढा. ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, एफआर-एलएसएच (सहज न पेटणारी, कमी धुराची), आयएस ६९४ हे भारतीय मानक छापलेली: फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ, तिन्ही चारच्याच. डीबी ते पडवी २५ मीटर धरले आणि पूर्ण लोडचे १३ अँपिअर धरले, तर चारच्या वायरीत साडेतीन व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरीत सहाच्या जवळ. अडीचची जळणार नाही, पण कौलांखालचा माळा एप्रिलमध्ये पन्नास अंशांकडे झुकतो, तिथे वायरीची करंट वाहण्याची ताकद पाव ते तिसरा हिस्सा घटते. चारची वायर तिथेही थंड राहते. २५ मिमीचा जाड पीव्हीसी पाईप वापरा. माळ्यावर वायर उघडी सोडू नका, उंदीर पहिल्याच पावसाळ्यात तिला लागतात. चिऱ्याची भिंत खणायला सोपी म्हणून वायरमन झिरी मारायला निघतात, पण चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी शोषतो आणि चार महिने ओला राहतो. आतला पाईप पाण्याने भरतो. बाहेरून, सॅडलखाली स्पेसर घालून, भिंतीपासून थोडा सुटा पाईप जास्त टिकतो. दिसायला तितका बरा नाही, हे मान्य.

१६ अँपिअरचा सॉकेट? नको. प्लगच्या पिना आणि सॉकेटच्या पट्ट्या यांचा दाब हा त्या जोडाचा आधार. किनाऱ्याकडून येणारी खारी, दमट हवा त्या पितळेवर थर चढवते, दोन-तीन वर्षांत पट्टी सैल होते आणि सलग तीन तास १३ अँपिअर गेले की प्लग तपकिरी पडायला लागतो. त्याऐवजी यंत्राजवळ, हाताला येईल अशा उंचीवर, आयपी ६५ दर्जाच्या (धूळ-पाणी आत न घेणाऱ्या) पॉलिकार्बोनेट पेटीत २५ किंवा ३२ अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच, बसवा. केबल पेटीत खालूनच शिरली पाहिजे, ग्लँड लावून. आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. वरून भोक पाडलेली पेटी कितीही महाग असली तरी एका पावसाळ्यात आत पाणी घेते. स्क्रू एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचे. आणि वापरात नसलेली सगळी भोके बंद करा. पेटीत पाल शिरली की दोन टर्मिनलांमध्ये अडकून मरते आणि शॉर्ट होते, मुंग्या तर रिलेच्या संपर्कबिंदूंमध्येच घर करतात. हे गोव्यात दर पावसाळ्यात घडते.

यंत्रातून हवेतले पाणी थेंबथेंब बाहेर पडते, आणि आपल्या दमट हवेत ते बरेच असते. त्या ड्रेन नळीच्या खाली किंवा सेफ्टी व्हॉल्वच्या समोर आयसोलेटर येऊ देऊ नका.

आता डीबी. मीटरकडून येणारी लाईन आधी ४० अँपिअरच्या डबल पोल एमसीबीवर. तिच्यापुढे सर्ज प्रोटेक्टर, मग ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, मग १०० मिलिअँपिअरचा, 'एस' खुणेचा, म्हणजे थोडे थांबून पडणारा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळू लागला की वीज तोडणारा). त्यापुढे प्रत्येक मोठ्या लाईनीला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकात. हीट पंपाला २० अँपिअर, सी कर्व्ह (कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका सोसणारा), डबल पोल, टाईप ए. १६ का नको? एमसीबीची मोजणी ३० अंश तापमानावर केलेली असते. बंद डब्यात, शेजारी तापलेले दुसरे एमसीबी, बाहेर मे महिना, तिथे १६ चा एमसीबी १३ अँपिअरच्या सलग लोडवर विनाकारण पडू लागतो. मग कोणीतरी वैतागून तिथे ३२ चा बसवतो, आणि वायरीचे रक्षण संपते.

टाईप एसीचा (इथे एसी म्हणजे ऑल्टरनेटिंग करंट, खोलीतला एसी नव्हे) आरसीसीबी स्वस्त मिळतो, आणि नुसत्या एलिमेंटच्या गिझरला तो चालतही होता. पण इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि कार्डे असलेल्या यंत्रात गळती शुद्ध एसी नसते, तिच्यात डीसीचे ठोके मिसळतात. टाईप एसी तशा गळतीला आंधळा राहू शकतो. झाकणावर फक्त एक नागमोडी रेघ असेल तर तो टाईप एसी. नागमोडी रेघेखाली तुटक अर्धवर्तुळांची दुसरी रेघ असेल तर तो ए. इन्व्हर्टर यंत्रासाठी टाईप एफ मिळाला तर आणखी बरा. पावती न बघता ही खूण बघा.

सगळ्या घराला मिळून एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला तर काय होते? प्रत्येक इन्व्हर्टर यंत्राच्या फिल्टरमधून एक ते तीन मिलिअँपिअर अर्थकडे कायम झिरपत असतात, बिघाड नसतानाही. दोन एसी, हीट पंप, वॉशिंग मशीन, फ्रिज मिळून दहाच्या घरात जातात. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० यांत कुठेही पडायला मोकळा असतो. मग पावसाची ओल आणि एखादा गडगडाट एवढे पुरते, आणि मध्यरात्री सगळे घर अंधारात. लोक यावर 'आरसीसीबी खराब आहे' असे ठरवून तो बायपास करतात. लाईनी वेगळ्या करणे हाच उपाय.

कारण आरसीसीबीशिवाय आपल्या घरांत अर्थिंगचा अर्धा उपयोगच नाही. बहुतेक जुन्या घरांत खात्याकडून फेज आणि न्यूट्रल येतो, अर्थ मात्र आपल्या अंगणातला. समजा त्या अर्थचा रोध २० ओहम आहे. यंत्रात फेजची वायर पत्र्याला टेकली, तर २३० भागिले २०, फार तर साडेअकरा अँपिअर अर्थमधून जातील. २० चा एमसीबी त्याला नेहमीचा लोड समजतो. तो पडणार नाही, तासभर नाही, दिवसभर नाही, आणि यंत्राचा पत्रा, नळाची तोटी, ओली फरशी सगळे भारलेले राहते. तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ असेल तर तो जास्तीत जास्त ०.३ सेकंदात सुटतो. मोठ्या गळतीवर त्याहून लवकर.

अर्थ मात्र मोजून घ्या, तोही मे महिन्यात. जांभा दगड पावसात पाणी पितो आणि उन्हाळ्यात खडखडीत कोरडा होतो. जुलैमध्ये घेतलेले सुंदर वाचन मेमध्ये कितीतरी पटींनी वाढलेले असते. १०० ओहम-मीटरच्या बऱ्यापैकी जमिनीत तीन मीटरचा एक रॉड सुमारे ३३ ओहम देतो. कोरड्या जांभ्यात त्याच्या दहापटही जाऊ शकतो. म्हणून रॉडभोवती बेंटोनाइट या ओल धरणाऱ्या मातीचे मिश्रण भरायचे, आणि दोन रॉड एकमेकांपासून किमान सहा मीटरवर घालून जोडायचे. जवळजवळ घातलेले दोन रॉड एकाच रॉडसारखे वागतात. जागा निवडताना न्हाणीच्या सांडपाण्याची, माडाच्या किंवा केळीच्या अळ्याजवळची ओल असलेली जागा धरा. मीठ-कोळशाची जुनी पद्धत चालते, पण मीठ पावसात वाहून जाते आणि पाईपला गंज लावते, दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरावे लागते. खड्ड्याच्या झाकणाखालची क्लॅम्पची जोडणी दर वर्षी उघडून बघा, तिथेच आधी गंजते.

अर्थ तपासायला फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघायची पद्धत सोडून द्या. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. अर्थ ५० ओहमचा, म्हणजे वाईट असला तरी बल्ब जवळपास पूर्ण पेटतो. वीसेक व्होल्ट अर्थच्या वायरीवर, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या पत्र्यावर चढलेले असतात, आणि बघणारा म्हणतो 'अर्थ फर्स्ट क्लास'. अर्थ टेस्टरने, दोन सहायक खुंट्या ठोकून केलेले मोजमापच खरे. आणि अर्थ मिळत नाही म्हणून यंत्राच्या अर्थच्या टर्मिनलला न्यूट्रल जोडून दिलेला दिसला तर ती लाईन तात्काळ बंद करा. बाहेरचा न्यूट्रल सुटला की त्या क्षणी यंत्राच्या अंगावर पूर्ण फेज येतो.

न्यूट्रल सुटण्याबद्दल थोडे अधिक, कारण हीट पंपाची कार्डे जळण्याचे हे मोठे कारण आहे आणि दोष नेहमी विजांच्या कडकडाटावर जातो. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. वादळात फांदी पडून न्यूट्रल तुटला, फेज मात्र शाबूत राहिले, तर वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकमेकांशी सलग जोडली जाऊन ४०० व्होल्टमध्ये वाटणी करून घेतात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. रात्री फक्त फ्रिज आणि हीट पंपाचे कार्ड चालू असलेल्या घरात ३०० च्या वर जाते आणि मिनिटभर राहते. सर्ज प्रोटेक्टर यावर काही करू शकत नाही. तो विजेच्या क्षणभराच्या धक्क्यासाठी आहे, असे टिकून राहिलेले व्होल्टेज आले की तोच जळतो. इथे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. वरची मर्यादा २६५, खालची १८०, आणि पुन्हा जोडण्याआधी १८० सेकंदांचा थांबा. थांबा महत्त्वाचा. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब समान व्हायला तेवढी मिनिटे लागतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते तशी मिनिटात परतही येते. यंत्राच्या कार्डात हा थांबा असतो, तरीही बाहेर ठेवा. या प्रोटेक्टरवर स्टॅबिलायझरपेक्षा जास्त भरवसा ठेवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला स्टॅबिलायझर सहसा लागतच नाही. साध्या कॉम्प्रेसरला व्होल्टेज रोज २०० च्या खाली जात असेल तरच घ्या, तोही सुरुवातीचा वीस-पंचवीस अँपिअरचा झटका सोसेल असा.

सर्ज प्रोटेक्टर टाईप २, 'वन प्लस वन' रचनेचा घ्या: फेज-न्यूट्रलमध्ये एक भाग, न्यूट्रल-अर्थमध्ये दुसरा. आपला अर्थ खात्याच्या न्यूट्रलपासून वेगळा असल्यामुळे ही रचना लागते. २० किलोअँपिअर नॉमिनल, ४० कमाल, सतत सोसायचे व्होल्टेज ३२० चे. त्याच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत, लांब वायरीत वीज अडते आणि धक्का यंत्राकडे जातो. खिडकी हिरवी आहे का ते मेच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये बघा. परतीच्या पावसातल्या विजा जूनइतक्याच वाईट असतात.

थ्री फेज घ्यावाच लागला तर दोन गोष्टी. हीट पंप सिंगल फेजचाच राहील, तो अशा फेजवर टाका जिथे एसी नाहीत. आणि एक फेज गेला की लाईन दुसऱ्या फेजवर फिरवण्याचा सिलेक्टर त्याच्या वाटेत ठेवू नका, ठेवायचाच तर व्होल्टेज प्रोटेक्टर त्याच्या पुढे, यंत्राच्या बाजूला असला पाहिजे. नाहीतर फिरवताफिरवता कॉम्प्रेसरला दोन सेकंदांत दोनदा सुरू व्हावे लागते.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर आहे का? असेल तर आरसीबीओ बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी 'सारखा पडतो' अशी तक्रार येण्याची शक्यता मोठी. कारण हीट पंप नसतो. इन्व्हर्टरच्या लाईनी काढताना फेज वेगळा केलेला असतो, पण न्यूट्रल जिथे जवळ सापडला तिथला घेतलेला असतो. मग एका लाईनीतून गेलेला करंट दुसऱ्या लाईनीच्या न्यूट्रलने परततो, आणि आरसीबीओला ती गळती दिसते. शोधायची रीत अशी. मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, मग न्यूट्रल बारवरच्या सगळ्या वायरी सोडवा, एकेका लाईनीचा न्यूट्रल इतर न्यूट्रलांशी जुळतो का ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. दिवे-पंखे-यंत्रे बंद असताना दोन वेगळ्या लाईनींचे न्यूट्रल बीप देत असतील तर ते कुठेतरी एका स्विचबोर्डात एकत्र बांधलेले आहेत. जुन्या घरात हे बहुधा देवघराच्या किंवा जिन्याच्या बोर्डात सापडते. डीबी बदलण्याच्या दिवसात यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

काम झाल्यावर यंत्र एलिमेंटसह पूर्ण लोडवर एक तास चालवा, दोन्ही एसीही लावा. क्लॅम्पने करंट नेमप्लेटशी जुळवा, आयसोलेटरवर व्होल्टेज बघा, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मेन, न्यूट्रल बार, आरसीबीओ आणि आयसोलेटरच्या टर्मिनलांचे तापमान घ्या. फेज आणि न्यूट्रलच्या टर्मिनलांत दहा-पंधरा अंशांचा फरक दिसला तर जास्त तापलेला स्क्रू सैल आहे. बंद करून कसा, पुन्हा मोजा. बारीक तारांच्या वायरीला लग (धातूचे टोपण) दाबूनच टर्मिनलमध्ये घाला, उघड्या तारा स्क्रूखाली चिरडल्या तर महिन्याभरात त्या सैल होतात. शेवटी आरसीबीओचे 'टी' बटण दाबा. खाऱ्या हवेत त्याची यंत्रणा आखडते, म्हणून ते दर महिन्याला दाबायचे.

तीनपैकी एक गिझर अडीअडचणीला ठेवायचा असेल तर ठेवा, सर्व्हिसवाला यायला चवथीच्या दिवसांत आठवडा लागू शकतो. फक्त त्याची आणि हीट पंपाची लाईन ३२ अँपिअरच्या डबल पोल चेंजओव्हरवर घ्या: एका बाजूला हीट पंप, दुसऱ्या बाजूला गिझर, मधे बंद. दोन्ही एकत्र लागूच शकणार नाहीत, आणि मंजूर लोडच्या यादीत त्यांतला एकच मोठा आकडा धरता येईल का ते अर्ज देतानाच विचारून घ्या.